पासवर्ड बदलला, पण जीमेल सुरक्षित झालं का?

चोपडा: पीक विम्याच्या अर्जासाठी वडिलांचं जीमेल ऑनलाइन केंद्रावर उघडलं होतं. तिथल्या ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह राहिला. घरी आल्यावर बदलला. एवढं पुरे का?

भुसावळ: नाही पुरत, भाऊ. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणी खातं लॉगआउट होतं, पण फॉरवर्डिंग (आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) आणि फिल्टर (ठरावीक मेलचं काय करायचं ते ठरवणारे नियम) जसेच्या तसे राहतात. कुणी आपला पत्ता तिथं घातला असेल, तर मेलची प्रत त्याला जातच राहील. मोबाइल ॲपमध्ये हे दिसत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, वर उजवीकडचं चक्र दाबा, सगळ्या सेटिंग्ज उघडा, मग फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन्ही टॅब तपासा. बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर दिसला तर तो आधी उडवा. असा फिल्टर असला की व्यवहाराची सूचना तुम्हाला दिसतच नाही.

धुळे: रिकव्हरीचा नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर ज्यावर ओटीपी येतो तो, कुणाचा आहे? घाईत अर्ज भरणाऱ्याचाच नंबर पडलेला असतो. तिथं वडिलांच्या जुन्या सिमचा नंबर असेल तर तोही काढा. बंद नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातो.

शहादा: टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू कराच. फोन हाताशी नसेल तेव्हासाठी 10 बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवा. फोनच्या गॅलरीत नको, फोन हरवला की कोडही गेले.