पेट्रोलचे ९०० वाचवायला सायकल : हिशेब जुळतोय का बघा

टांगमारू
दिवाळीपासून ऑफिसला स्कूटर बंद, सायकल सुरू. कोथरूड डेपो ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन साधारण १४ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३५०. माझी स्कूटर पुण्याच्या रहदारीत लिटरला ४० च्या वर देत नाही, म्हणजे पावणेनऊ लिटर. पेट्रोल १०४ धरा, ९०० रुपये झाले. जुनी गियरची सायकल ६,५०० ला घेतली होती, ती सात-साडेसात महिन्यांत वसूल. माझं म्हणणं एवढंच की ऑफिस दहा किलोमीटरच्या आत असताना रोज गाडी काढणं ही चैन आहे. हाणा आता.

कर्वेरोडकर
हिशेबात चोरी आहे. स्कूटर विकलीत का? नाही ना? मग थर्ड पार्टी विमा भरावा लागतोच, सर्व्हिसिंगही सुटत नाही. सायकलचे ब्रेक शू, ट्यूब, हेल्मेट, मागचा लाल दिवा हे कुठे धरलंत? आणि घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त जातात त्या वेगळ्याच (हसू नका, तूरडाळीचा भाव बघा). नळस्टॉपच्या पुलाखाली एकदा बसने घासलं की वर्षाची बचत हाडांच्या डॉक्टरकडे. त्यापेक्षा वनाजला मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला उतरा. घामही नाही.

टांगमारू
विम्याचं मान्य, ते विसरलोच होतो. नळस्टॉपचा चौक मी चक्क उतरून, सायकल हातात धरून ओलांडतो. दोन मिनिटं जातात, जाऊ देत. पुढे लॉ कॉलेज रस्ता आणि मग प्रभात रोडच्या गल्ल्या, झाडांखालून. येताना चढ आहे हे मात्र खरं.

मीठमोहरी
एक साधा प्रश्न. घरी उभी असलेली स्कूटर आता कोण चालवतं? बायकोच ना? म्हणजे मुलांचा क्लास, भाजी, दळण, आईंची औषधं सगळं तिच्याकडे सरकलं असणार. माझं सकाळचं गणित सांगते : लेकीला शाळेत सोडायचं, तिथून ऑफिस, येताना मंडई. हे सायकलवर करून दाखवा, मग चैन कोणाची ते बोलू. तुमचे ९०० वाचले, तिचा तास गेला. तो कोणत्या रकान्यात लिहिलाय?

बिनगियरी
मीठमोहरी, जोरदार! पण धागाकर्त्याचा मुद्दा मुळातच भलतीकडे गेलाय असं माझं मत. पेट्रोल ही चिल्लर आहे, पैसा अडकतो गाडीत. आमच्या घरी दुसरी स्कूटर घ्यायचं चाललं होतं. १२५ सीसीची रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते, वर हप्ते. घेतलीच नाही. एक स्कूटर, एक सायकल, ज्याला लांब जायचंय त्याने स्कूटर न्यायची. सायकलला वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग (आमच्या कोपऱ्यावरचे काका असंच म्हणतात, त्यांना दुरुस्त करायची माझी हिंमत नाही) आणि अधूनमधून पंक्चर. बाकी सायकल ट्रॅकचं विचारू नका. सातारा रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, मध्येच विजेची डीपी, मध्येच पाणीपुरीची गाडी.

दुपारची_पाळी
माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा. कॅरिअरला डबा, पँटच्या पायाला क्लिप. बचत वगैरे कोणी करत नव्हतं, दुसरं काही परवडतच नव्हतं. पगार वाढल्यावर वडिलांनी लूना घेतली आणि सायकलला पुन्हा हात लावला नाही. गुडघे दुखायचे म्हणून नाही, साहेबासारखं वाटायचं म्हणून. आमच्या सोसायटीचा रात्रीचा वॉचमन आजही वारज्याहून सायकलवर येतो. किती वाचवतो, हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

कर्वेरोडकर
हे मात्र पटलं. तरी मी मेट्रोच म्हणणार.

टांगमारू
बिनगियरी, तुमचा हिशेब माझ्यापेक्षा सरळ आहे. आमची स्कूटर विकायची सोय नाही, तेव्हा माझा आकडा ९०० वजा दुरुस्ती, साडेसातशे धरा.

मीठमोहरी, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवायची चूक केली. उत्तर आलं, "बाईंना माझा नमस्कार सांग." रविवारी दहा किलो दळण माझ्याकडे आलं. कॅरिअरला सुतळीने बांधलं, चढाला पुढचं चाक उचलायला लागलं म्हणून पौड रस्त्यापासून हातात धरून चालत आणली. पार्किंगमध्ये साइड स्टँडवर लावली आणि डबा सोडायला मागे वळेपर्यंत सायकल कलंडली. निम्मं पीठ फरशीवर. आता बायको विचारतेय ते पाच किलो कुठल्या रकान्यात लिहू.

कोथरूडच्या आसपास दुधवाल्यांसारखं जाड सळईचं कॅरिअर आणि जुना डबल स्टँड बसवून देणारं कोणी आहे का? गियरच्या सायकलला बसेल असा हवा.