पीअरिंग की ट्रान्झिट गेटवे?

एडब्ल्यूएसवरच्या दहा व्हीपीसी (क्लाउडमधली आपली खासगी नेटवर्कं) आणि ऑफिसचं डेटा सेंटर जोडायचं आहे, तर पीअरिंग (दोन व्हीपीसींमधली थेट जोडणी) पुरेल का, असा मूळ प्रश्न आहे. माझं मत: नाही. दहा व्हीपीसी एकमेकांशी थेट जोडायच्या तर ४५ पीअरिंग लागतात. शिवाय पीअरिंग पुढे झिरपत नाही. 'अ' 'ब'ला जोडलंय आणि 'ब' डेटा सेंटरला, म्हणून 'अ' तिथे पोचेल असं होत नाही. इथे ट्रान्झिट गेटवे मधला राउटर म्हणून कामाला येतो. प्रत्येक नेटवर्क त्याला एकदाच जोडायचं.

पण हमखास फसगत होते ती राउट टेबलांत, म्हणजे कुठला ट्रॅफिक कुठे पाठवायचा याच्या याद्यांत. प्रोपगेशन (जोडलेल्या नेटवर्कचे राउट आपोआप शिकणं) चालू केलं की गेटवेच्या टेबलात राउट आपोआप येतात, व्हीपीसीच्या आतल्या सबनेटच्या (छोट्या भागांच्या) टेबलात मात्र येत नाहीत. तिथे गेटवेकडे जाणारा राउट आपणच टाकायचा. (मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. फायरवॉलला उगाच शिव्या देत.)

दुसरं, गेटवेचं डिफॉल्ट टेबल तसंच ठेवलं तर सगळे सगळ्यांशी बोलू लागतात. प्रॉडक्शन आणि टेस्टिंगला वेगळी टेबलं सुरुवातीलाच करा. नंतर ते निस्तरणं जिवावर येतं.

ऑफिस गेटवेला व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीने) जोडलं, तर त्याच्या नेहमीच्या टनेलची मर्यादा १.२५ गिगाबिट प्रति सेकंद. बीजीपी (राउट आपोआप कळवणारा प्रोटोकॉल) असेल तर ईसीएमपीने (सारख्या मार्गांवर ट्रॅफिक वाटण्याच्या पद्धतीने) अनेक टनेलांवर भार वाटता येतो, तरी एकच मोठं कनेक्शन एकाच टनेलमधून जातं.

आयपी रेंज एकमेकांवर चढत असतील तर आधी त्या सोडवा. ते काम गेटवे करून देत नाही.