मदत हवी आहे: मधुमेह असताना पेट-सीटी, आणि हाडांतले ‘नवीन’ डाग

आई, वय ६१. स्तनाचा कर्करोग मणक्यात आणि खुब्यात पसरलाय. उपचार सुरू होऊन तीन महिने झाल्यावर एफडीजी पेट-सीटी (एफडीजी ही किरणोत्सारी साखर टोचून करायचा स्कॅन) पुन्हा करायला सांगितलंय. मेटफॉर्मिन आणि जेवणाआधीचं इन्सुलिन चालू आहे. औषधांचं काय करायचं? शिवाय मधे केलेल्या साध्या सीटीत मणक्यात ‘नवीन स्क्लेरोटिक डाग’ आलेत. आजार वाढला का?

प्रतिसाद १
आधी डागांचं. स्क्लेरोटिक म्हणजे तिथलं हाड घट्ट झालंय. औषध लागू पडलं की कर्करोगाने पोखरलेली जागा हाडाने भरून येते. आधी सीटीत न दिसलेली बारीक जागा भरताना पहिल्यांदाच दिसते आणि अहवालात ‘नवीन’ म्हणून नोंदली जाते. त्यामुळे एवढ्यावरून आजार वाढला असं धरू नका. पेटमध्ये ती जागा एफडीजी घेत नसेल, तर बहुधा भरून येतेय. मात्र बायोप्सीचा अहवाल काढून बघा. लोब्युलर प्रकारच्या (स्तनातल्या दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) गाठी मुळातच एफडीजी कमी घेतात, तिथे ‘काही दिसलं नाही’ यावर विसंबता येत नाही.

साखर: सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. तपासणीवेळी साखर २०० मिग्रॅच्या खाली हवी, कारण रक्तातली साखर आणि एफडीजी पेशीत एकाच वाटेने शिरतात. साखर जास्त असली की गाठ फिकी दिसते. पण ती उतरवायला ऐनवेळी इन्सुलिन टोचू नका, एफडीजी सगळं स्नायूंत जातं. किमान चार तासांचं अंतर हवं. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात. पोटातलं नीट बघायचं असेल तर ४८ तास आधी थांबवतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

प्रतिसाद २
तुलनेसाठी शक्यतो तेच मशीन, आणि इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर मागच्याइतकंच, साधारण ६० मिनिटं. उशीर झाला की गाठीचा एसयूव्ही (ती किती एफडीजी घेते याचा आकडा) एरवीही चढतो. ८ चा ७ झाला म्हणजे सुधारणा नव्हे. पर्सिस्ट निकषांत (उपचाराला प्रतिसाद पेटवरून ठरवायचे नियम) किमान ३० टक्के घट लागते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर सांगा, सगळी अस्थिमज्जा उजळते.

स्कॅन सहसा कवटीच्या तळापासून अर्ध्या मांडीपर्यंतच असतो. गुडघ्याखाली दुखत असेल तर आधीच सांगा. मेंदू एरवीच भरपूर साखर घेतो, त्यामुळे तिथली गाठ लपते. डोकेदुखी, उलट्या असतील तर कॉन्ट्रास्ट एमआरआयबद्दल विचारा.

आणि जुन्या स्कॅनची सीडी न्या, नुसता कागद नको.