पुण्याचा पेपर की बुधवारचा बाजार? बौद्धिक अक्षम पोरांची परीक्षा कोणती घ्यायची?

कापूसवाली आई (यवतमाळ जिल्हा)
पोरगी झेडपीच्या शाळेत सातवीत आहे. युडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) बौद्धिक अक्षमता लिहिलेली. एप्रिलात, ऊन मी म्हणत असताना, संकलित चाचणी झाली. भाषा, गणित, इंग्रजी. साऱ्या राज्याला एकच पेपर, पुण्याहून आलेला. गणिताच्या पेपरात माझ्या पोरीनं दिसेल त्या शून्यात डोळे-नाक काढले. तीन पानं नुसते चेहरे. सर भला माणूस, पेपर दाखवून म्हणाले, "ताई, काही का असेना, गुण तर भरावेच लागतात."

हीच पोरगी सरकी भिजवते, शेळ्या बांधते, पाळीच्या दिवसांत आपलं आपण सगळं करते (ते शिकवायला मला दीड वर्ष लागलं, शाळेनं एक दिवसही दिला नाही). बाजारात दहाची नोट ओळखते, पण वीसची आणि दोनशेची हमखास चुकते, दोन्ही पिवळटच दिसतात. मला वाटते, या पोरांना पेपरातून मोकळं करा आणि तो वेळ पैसे, एसटी, स्वयंपाक, अनोळखी माणसाला "नाही" म्हणणं, याला द्या. चुकते का माझं?

निवृत्त गुरुजी, मोर्शी
चुकते, ताई. रागावू नका. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी अशा पोरांना घरी ठेवायला सांगत. मीही सांगितलं आहे. ज्याचा पेपर तपासायचा नाही, त्याच्याकडे मास्तर वर्षभर पाहत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परीक्षेतून सूट मागाल, तर हळूच शिकवण्यातूनही सूट घेतील.

आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं वझ्झर पाहा. पद्मश्री शंकरबाबा पापळकरांच्या अनाथ-दिव्यांग पोरांच्या आश्रमात वाढलेली माला, डोळ्यांनी अंध, २०२४ मध्ये एमपीएससीची परीक्षा पास झाली. तिला कोणी म्हटलं असतं की तू भाकरीच शीक, तर?

फटफटीवरचा विशेष शिक्षक
गुरुजी, मालाताईंबद्दल आदर आहे, पण उदाहरण इथं बसत नाही. दृष्टी नसलेल्या मुलाला लेखनिक द्या, तासाला २० मिनिटं जास्त द्या, त्याला येते ते कागदावर उतरते. या ताईंच्या पोरीला आठ तास दिले तरी चेहरेच निघतील. कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच गाडीत कोंबतो.

मी कंत्राटी आहे, एका शाळेत आठवड्यातून एकदा पोचलो तरी खूप. प्रत्येक दिव्यांग पोराची वैयक्तिक शिक्षण योजना करायची असते. फाइलीत साऱ्या पोरांपुढे एकच वाक्य उतरवलेलं सापडते, काही माझ्याच अक्षरातलं. मोजमाप नाही असं मात्र नाही. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची तपासणी सूची आहे: स्वतःची कामं, चारचौघांत वागणं, लिहिणं-मोजणं, कामधंदा, करमणूक. पोर स्वतः करते, सांगितल्यावर करते, की हात धरून करून घ्यावं लागते, ते नोंदवायचं. दर काही महिन्यांनी परत पाहायचं. ही परीक्षाच झाली. फक्त तिचे गुण कोणी वर मागत नाही.

लहान भाऊ
जीवनकौशल्य म्हनजे काय, थे तं आधी सांगा. माहा भाऊ नऊ वर्स विशेष शाळेत होता. दिवाळी आली की पनत्या रंगव, राखी आली की राख्या कर. साहेब आले की टेबलावर मांडून फोटो. आता चोवीस वर्साचा हाये. पनती झकास रंगवते, पन येष्टीची पाटी वाचता येत नाही, स्वतःचं नाव लिहिता येत नाही. आमच्या गावात पनत्या घेते कोन बाप्पा? थ्या शाळेनं त्याच्याकून अपेक्षाच ठेवली नाही. म्हून मी गुरुजीच्या बाजूनं. पेपर वंगाळ असला तरी पेपर पाह्यजे.

निवृत्त गुरुजी, मोर्शी
भाऊ, हेच मला म्हणायचं होतं. हातानं शिकण्याला माझा विरोध नाही. १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजींच्या नई तालीमची वाट तिथून निघाली: हस्तोद्योगातून गणित, भाषा, सगळं.

कापूसवाली आई
गुरुजी, पण ती साऱ्या पोरांसाठी होती ना? आता हुशारांना पेपर आणि आमच्यांना पणत्या, ही वाटणी कधी झाली? सरपंचाच्या पोराला भात शिजवता येत नाही, त्याच्या गुणपत्रिकेत ते कुठं दिसते?

बाकी लहान भाऊ, तुमचं वाचून गप्प बसले. मी पेपर नको म्हणाले ते त्या दिवशीच्या रागात. मला तिचा वेगळा पेपर पाहिजे, आणि तो वर गेला पाहिजे.

विशेष शिक्षक
मग ग्रामसभेत नाही, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा. पालक म्हणून लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं चहाबरोबर जाते.

एक वाचक
वर्गात चाळीस पोरं, मास्तर एक. दोन-दोन पेपर कोण काढणार? भावनेनं शाळा चालत नाही.

विशेष शिक्षक
भाऊ, आमच्या केंद्रातल्या निम्म्या शाळांत अख्ख्या शाळेत चाळीस पोरं नाहीत.

निवृत्त गुरुजी, मोर्शी
ताई, एक राहिलं. वीस आणि दोनशे यांत फरक एका शून्याचाच आहे. ज्या शून्यात तिनं डोळे काढले, तेच. हे गणितच झालं, बाजाराच्या बाहेरचं नाही. नोटेचा रंग शिकवू नका, नोटा मळतात. शून्यं बोटानं मोजायला लावा. खेळण्यातल्या नोटा नको, खऱ्याच द्या.

कापूसवाली आई
बुधवारी नेते. वांगेवाल्या मावशीला आधी सांगून ठेवते, दोनशेची आली तर लगेच घेऊ नको, तिलाच विचार किती शून्यं आहेत म्हणून. सर, ती सूची पाठवा. आमच्या शाळेत कोणी पाहिलेली नाही.