गाइड घेऊन केलेली शिकार आपली राहते का?

कृष्णाकाठ

मंडळी नमस्कार. मूळचा सांगलीचा, आता डेन्व्हरच्या शेजारी ऑरोरात राहतो. कॉलोराडोचा हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय (१९४९ पासून पुढे जन्मलेल्या सगळ्यांना तो करावाच लागतो), रायफल घेतलीय, रेंजवर नियमित जातो. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या रायफल सीझनला (रायफलने शिकारीचे ठरावीक दिवस असतात, त्यांतला तिसरा टप्पा) एल्कसाठी, म्हणजे इथल्या मोठ्या हरणासाठी, जायचं ठरवलंय, मीकर गावाच्या वरच्या अंगाला, फ्लॅट टॉप्स नावाच्या डोंगराळ पठाराच्या बाजूला.

ऑफिसातला एक जण लहानपणापासून शिकार करतो. तो म्हणतो, "गाइड घेतलास तर ती शिकार नाही, खरेदी." बायको म्हणते, दहा हजार फुटांवर बर्फात एकटा जाणार असशील तर जाऊच नकोस. दोघांचंही पटतं, म्हणून अडकलोय.

मला शिंगं भिंतीवर लावायची नाहीत. वर्षभराचं मांस स्वतः मिळवावं, आणि ते कसं मिळतं हे शिकावं, एवढीच इच्छा आहे. पण चार दिवस कुणाच्या तरी मागे चालायचं, त्याने "तो बघ, मार" म्हणायचं आणि मी चाप ओढायचा, एवढंच होणार असेल तर त्यात माझं काय राहिलं? ज्यांनी दोन्ही प्रकारे केलंय त्यांनी सांगा.

शिकार करावी की करू नये हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

निवडुंग

मजा जाते. स्पष्टच सांगतो.

मी युटात आहे, गाइड कधीच घेतला नाही. सुरुवातीचे सीझन रिकाम्या हाताने परत आलो, पण त्या रिकाम्या दिवसांनीच सगळं शिकवलं. उन्हाळ्यात नकाशा घेऊन सरकारी जंगलात हिंडायचं, पाणी कुठे आहे, गवत कुठे आहे, उत्तरेकडचे दाट स्प्रूसचे (सूचिपर्णी झाडांचे) उतार कुठे आहेत ते बघायचं. दुपारी जनावर सावलीत बसतं, आणि ती सावली स्वतः शोधून काढण्यातच शिकार आहे. दुसऱ्याने बोट दाखवलं की ते गेलं. बायकोची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय गाइड नाही, सोबती आहे. शिवाय उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या, ते गाइडच्या एका दिवसाच्या पैशात येतं.

उत्तरध्रुवाची_आत्या

आमच्याकडे अलास्कात काही जनावरांपुरता हा प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी परवानाधारक गाइड किंवा इथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतोच. भारतातून पाहुणा म्हणून आलेल्याला तर मूझसाठीही (हरणाच्या जातीतला सगळ्यात मोठा प्राणी) गाइड लागतो. वायोमिंगमध्येही वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागात बाहेरच्यांना मोठ्या जनावरांसाठी गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत घ्यावा लागतो. कॉलोराडोत असं बंधन नाही, म्हणजे निर्णय तुमचाच. नवऱ्याने गाइडबरोबर डॉल मेंढ्याची शिकार केली, तेव्हा तीन दिवस धुक्यात तंबूत बसून होते दोघं. त्याच्या तोंडून आजही मेंढ्यापेक्षा त्या माणसाचंच नाव जास्त येतं.

परतवाडेकर

कृष्णाकाठ, मी तुमच्या पलीकडेच, ग्रँड जंक्शनला. एल्कच्या मागे बरीच वर्षं हिंडतोय, गाइड घेऊनही आणि न घेताही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निवडुंगांशी थोडा वाद घालतो. एकट्याने केलेली तीच खरी शिकार, ही कल्पना आपल्याकडे कधीच नव्हती. मी परतवाड्याचा. वर चिखलदरा, त्याच्या पलीकडे मेळघाट. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं शिकारीच्या गोष्टी सांगत, त्यात साहेब किंवा राजेसाहेब मचाणावर बसलेले असत आणि तिथली कोरकू आदिवासी माणसं रात्रभर माग काढत असत. रेडकू कुठे बांधायचं, वाघ कोणत्या नाल्याने येईल, हाका कुठून सुरू करायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. साहेब चाप ओढायचा आणि फोटोत वाघावर पाय ठेवायचा. स्वातंत्र्यानंतर तर नागपुरात याची कंपनीच निघाली, अॅल्विन कूपर नावाची. पुढे केंद्रात मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांनी ती काढली होती आणि परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीला नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो सगळा काळ संपला, आणि संपला ते बरंच झालं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की त्या मचाणावरच्या माणसाने शिकार केली असं मला कधीच वाटलं नाही. ती कोरकूंनी केली. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोष वाटाड्या सोबत असण्यात नव्हता. साहेबाने सगळं काम त्याच्यावर सोपवलं आणि मान मात्र स्वतःकडे ठेवला, दोष तिथे होता. तेव्हा गाइडकडे काय सोपवायचं आणि काय अजिबात सोपवायचं नाही, हे निघण्याआधी ठरवा.

मला दोन्ही अनुभव आले. एकदा एका खासगी रँचवर गेलो होतो. गवताच्या शेताकडेला पेटीसारखी खोली, आत हीटर, खिडकीत रायफल टेकवायला वाळूची पिशवी. संध्याकाळी कळप शेतात आला, गाइडने कुठली मादी ते सांगितलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांस गाडीत भरून घरी. सगळं कायदेशीर, मांसही उत्तम, आणि त्या माणसाने मला फसवलं असं अजिबात नाही. पण त्या शिकारीबद्दल मुलीने विचारलं तेव्हा मला सांगण्यासारखं काही सापडेना.

दुसरा गाइड वयाची साठी ओलांडलेला, रँचरचा मुलगा, घोडे पाळणारा. पहिल्या दिवशी पहाटे त्याने मला एक छोटी बाटली दिली, आत पांढरी पूड. दाबली की चिमूटभर पूड हवेत उडते आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. म्हणाला, दर शंभर पावलांवर दाब, मला सांगू नकोस, स्वतः बघ. पहाटे थंड हवा नाल्यातून खाली वाहत होती. सूर्य उतारावर आला आणि तासाभरात तीच पूड वर चढायला लागली. मधली पंधरा-वीस मिनिटं ती नुसती जागच्या जागी गरगरत होती, तेव्हा त्याने मला खाली बसवलं. त्या वेळात पुढे गेलं तर आपला वास कुठेही पोचतो आणि सगळा कळप दुसऱ्या खोऱ्यात जातो. असल्या गोष्टी पुस्तकात वाचलेल्या असतात हो, पण पूड डोळ्यांसमोर उलटी फिरते तेव्हाच ती अंगात मुरते.

दुपारी दाट स्प्रूसमध्ये बर्फावर बसण्याच्या जागा दिसल्या. बर्फ वितळून झालेले लांबट खळगे, काठावर पिवळट केस चिकटलेले. त्याने गुडघ्यावर बसून एका खळग्याच्या मधोमध पडलेला पिवळा डाग दाखवला, मग दुसऱ्याच्या कडेला पडलेला. मधोमध असेल तर नर, कडेला असेल तर मादी. मग लेंड्या हातात घेऊन फोडल्या. आतून ओल्या आणि हिरव्या. उठला आणि विचारलं, "आता कुठे जायचं?" आणि खरोखर गप्प राहिला. मी वाऱ्याकडे बघितलं, उताराकडे बघितलं, कडेकडेने वर जायचं ठरवलं. तो मागे चालला. मागे, पुढे नाही.

तिसऱ्या प्रहरी एक नर दिसला, फार देखणा, साडेतीनशे यार्डांवर, आडवा उभा. तो म्हणाला, मारायचं तर आत्ता. मी नाही म्हटलं. माझा सराव दोनशे यार्डांपर्यंतचाच होता, आणि जखमी जनावर अंधारात त्या जंगलात गेलं तर सापडणं कठीण. त्याने वाद घातला नाही, दुर्बीण खाली ठेवली आणि थर्मासमधली कॉफी माझ्या पेल्यात ओतली. नंतर मादी मिळाली, जवळून, बसून मारलेली. टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, मादीलाही चालत होता म्हणून, नाहीतर तीही सोडावी लागली असती.

आणि सोलायच्या वेळी सुरी मी मागून घेतली. बहुतेक गाइड हे काम स्वतः अर्ध्या-पाऊण तासात उरकतात, पाहुण्याला बाजूला बसवतात. तुम्ही बसू नका. पाठीच्या कण्यावरून कातडं चिरायचं, पुढची तंगडी खांद्यातून सोडवायची, मग मागची, मग पाठीचा लांब पट्टा. पोट न फाडता हे सगळं करता येतं. एका बाजूचं झालं की जनावर उलटायचं, आणि सगळ्यात शेवटी आतून कमरेजवळचं मऊ मांस काढायचं. नर की मादी याचा पुरावा मांसावर नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवायचा असतो, तो कापून टाकू नका, वॉर्डन (वन्यजीव खात्याचा अधिकारी) विचारतो. मला दोन तास लागले, बोटं बधिर झाली. त्या दोन तासांत मी त्या प्राण्याला जेवढं ओळखलं तेवढं आधीच्या सगळ्या दिवसांत ओळखलं नव्हतं. एक मागची तंगडी हाडासकट पंचवीस-तीस किलो भरते. घोडे नसते तर खाली आणायला मला किती फेऱ्या माराव्या लागल्या असत्या, याचा विचार करा आणि बायकोचं म्हणणं पुन्हा ऐका.

म्हणून माझं मत: पहिल्यांदा गाइड घ्या, पण चांगला घ्या. वारा, वाट, गोळी आणि सुरी या चार गोष्टी मी स्वतः करणार असं आधीच फोनवर सांगा. ज्याला ते आवडणार नाही तो फोनवरच कळेल.

निवडुंग

परतवाडेकर, कोरकूंचं पटलं. खासगी रँचवरच्या पेटीचं तर शंभर टक्के पटलं. पण तुमचा तो म्हातारा गाइड लाखात एक. बहुतेकांवर पाहुण्याला काहीतरी मिळवून देण्याचा दबाव असतो, कारण रिकाम्या हाताने गेलेला पाहुणा परत येत नाही. साडेतीनशे यार्डांवरून "मार" म्हणणाऱ्यांपैकी किती जण नकार ऐकून कॉफी ओततात?

परतवाडेकर

दबाव असतो, मान्य. म्हणूनच "यशाचं प्रमाण किती" हा पहिला प्रश्न विचारू नका. तो विचारला की त्याला कळतं तुम्हाला काय हवंय, आणि तो तेच देतो.

कृष्णाकाठ

परतवाडेकर, मनापासून आभार. रात्री बायकोला पूर्ण वाचून दाखवलं. तिला घोड्यांचा भाग सगळ्यात आवडला.

दोन शंका. एक, मधला काही पर्याय असतो का? पूर्ण गाइडचे सहा-सात हजार डॉलर सांगताहेत. दोन, एवढं मांस आणल्यावर करायचं काय? आमच्याकडे मटणापलीकडे अनुभव नाही.

परतवाडेकर

असतो. त्याला ड्रॉप कँप म्हणतात. आउटफिटर, म्हणजे शिकारीच्या सहलींची सोय करून देणारा व्यावसायिक, घोड्यांवरून तुम्हाला आणि सामानाला आत नेतो, तंबू, शेगडी, लाकडं लावून देतो आणि निघून जातो. ठरलेल्या दिवशी, किंवा निरोप गेला की, मांस न्यायला घोडे घेऊन येतो. मधले दिवस तुमचे. पूर्ण गाइडच्या निम्म्याहूनही कमी खर्च येतो. पण ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा, आणि सोबत एक माणूस हवाच. निवडुंग एवढं सोबत्याबद्दल बोलताहेत, तर त्यांनाच विचारा की युटातून यायला जमेल का.

कुठल्याही प्रकारात आउटफिटर राज्याकडे नोंदलेला आहे का ते बघा, आणि नॅशनल फॉरेस्टमध्ये धंदा करायचा त्याच्याकडे वन खात्याचा परवाना आहे का तेही विचारा. जो कागद दाखवायला कां-कू करतो त्याला सोडून द्या. आणि एक लक्षात ठेवा, तुमच्या टॅगवर गोळी तुम्हीच झाडायची. "तुम्हाला जमलं नाही तर मी मारून देतो" असं कुणी म्हणालं तर तो कायदा मोडतोय, आणि त्यात तुम्हीही अडकाल.

मांसाचं: चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे मटणाच्या हिशोबाने शिजवलं तर वातड होतं. पाठीचा पट्टा जाड तव्यावर, तूप घालून, दोन्हीकडून थोडा वेळच. तंगडीचे तुकडे आलं-लसूण, दही लावून रात्रभर ठेवा, मग कुकरमध्ये, आणि रश्श्यात सुकं खोबरं भाजून घाला, म्हणजे चरबीची उणीव जाणवत नाही. खिमा करून घ्यायचा तर खाटकाला थोडी बकऱ्याची चरबी मिसळायला सांगा. आमच्याकडे वऱ्हाडी काळा मसाला जातो, तुम्ही सांगलीचे, तुमच्या कांदा-लसूण मसाल्याचंही त्याच्याशी चांगलं जमतं. दोन मोठे कूलर घेऊन जा, एक पुरणार नाही.

निवडुंग

जमेल. तिसऱ्या सीझनचे दिवस व्यनि करा, कृष्णाकाठ. पण या वर्षी परतवाडेकर म्हणताहेत तसा आधी गाइड बघून घ्या. तो कागद दाखवतो का ते मलाही ऐकायचंय.