‘स्ट्रीट सर्किट’ला मराठीत काय म्हणावं? (‘रस्त्यावरची शर्यत’ चालेना)

सागरकाठ
इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सिंगापूर ग्राँ प्रीवर, म्हणजे इथल्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीवर, लेख लिहितेय. शर्यत ९ ते ११ ऑक्टोबर २०२६. रविवारी मुख्य शर्यत आणि त्याच दिवशी घटस्थापना. शनिवारी इथं पहिल्यांदाच स्प्रिंट (छोटी शर्यत) आहे, त्यामुळे आमच्या घरात आतापासूनच चर्चा सुरू आहे.

पहिला मसुदा साताऱ्याच्या आत्याला पाठवला. त्यात ‘मरीना बे इथली रस्त्यावरची शर्यत’ असं लिहिलं होतं. आत्याचा लगेच फोन: “अगं, रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांचं कौतुक काय करतेस? आमच्या कोपऱ्यावर रोज रात्री पोरं बाइक उडवतात, शेजारच्या मुलाचा पाय मोडला त्यात.” मी समजावून सांगितलं, पण फोन ठेवल्यावर वाटलं की आत्याचं बरोबर आहे. मराठीत माणूस रस्त्यावर येतो, संसार रस्त्यावर आणला जातो, नाहीतर लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरतात. चांगल्या अर्थानं रस्त्यावर काही होतच नाही.

मला जे सांगायचंय ते असं. सेंट अँड्र्यूज रोड माझा रोजचा रस्ता आहे, ऑफिसची बस तिथूनच जाते. शर्यतीच्या आधी काही आठवडे कडेला काँक्रीटचे ठोकळे येऊन बसतात, मग त्यावर जाळी चढते, दिव्यांचे खांब उभे राहतात. शर्यत संपली की परत तोच रस्ता, तीच बस. गेल्या वर्षी मुद्दाम एक थांबा आधी उतरले. वळणावर टायरचे काळे पट्टे होते आणि कडेला रबराचे बारके गोळे. खोडरबर घासल्यावर वहीवर उरतात ना, तसेच, फक्त शेंगदाण्याएवढे. एक उचलून पाकिटात ठेवलाय, अजून आहे.

तर ‘रोजचाच रस्ता, पण तीन रात्री शर्यतीचा’ हा अर्थ एका शब्दात हवाय. आणि रेसिंग लाइनला काय म्हणू? वळणातून गाड्या ज्या एका रेषेवरून जातात ती.

पळीपंचपात्र
‘नगरवीथी-स्पर्धा’ घ्या. वीथी म्हणजे गावातला रस्ता, जुना आणि सुंदर शब्द आहे. रेसिंग लाइन म्हणजे ‘वेगरेषा’. सुरुवातीला अवघड वाटेल, पण महापौर आणि दिनांक हे सावरकरांचे शब्दही एकेकाळी अवघडच वाटले असणार. आज कुणी अडखळतं का? आपण वापरत नाही म्हणून शब्द रुळत नाहीत, आणि रुळले नाहीत म्हणून आपण वापरत नाही.

तांबडापांढरा
काका, महापौर रुळला कारण महापौर रोज पेपरात असतो. नगरवीथी वर्षातनं एकदा येणार, ती कशी रुळायची? ‘सर्किट’ सगळ्यांना कळतंय. सर्किट हाऊस प्रत्येक जिल्ह्यात आहे की.

पण एक सुचवतो. आमच्या कोल्हापुरात नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा निघते. रोजचेच रस्ते, रोजचीच दुकानं, पण त्या रात्री रांगोळ्या, रोषणाई, दोन्ही बाजूंना माणसं. सागरकाठताई, तुम्ही जे वर्णन केलंय ते मला हुबेहूब तसंच वाटलं. तेही रात्रीच. ‘नगरफेरी’ म्हणा. ‘फेरी’ म्हणजे लॅपसुद्धा आलाच त्यात.

सागरकाठ
वा. सिंगापूरची शर्यत रात्रीची आहे हे लेखात आहेच. २००८ साली फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथेच झाली. ‘नगरफेरी’ आवडला, पण ‘प्रभातफेरी’सारखा ऐकू येतो. त्यात वेग नाही.

अबोली
मी नीसला राहते, मोनॅको इथून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत. माझं मत वेगळं आहे. मुळात ‘स्ट्रीट’ हा शब्द नंतर चिकटला. १९०६ ची पहिली फ्रेंच ग्राँ प्री ल माँजवळच्या साध्या रस्त्यांवरच झाली होती, एक फेरी शंभर किलोमीटरच्या वर. तेव्हा शर्यत म्हटलं की रस्ता हे गृहीतच होतं. खास बांधलेले ट्रॅक रुळले, तेव्हा रस्त्याला वेगळं नाव द्यावं लागलं. म्हणून शब्द ट्रॅकसाठी शोधा, रस्त्याला नुसतं ‘शर्यत’ पुरे.

आणि वळणांची नावं बघा. मोनॅकोची फेरी ३.३३७ किलोमीटरची, पण वळणं म्हणजे सांत देवोतचं देऊळ, तंबाखूच्या दुकानाचं ताबाक, पोहण्याच्या तलावाचं पिसीन. आपल्याकडं अप्पा बळवंत चौक म्हणतात तसंच. रस्त्याची शर्यत ओळखायची ती यावरून. सिंगापुरात वळणांना नुसते आकडेच आहेत ना?

सागरकाठ
बहुतेक आकडेच, एकूण १९. २०२३ मध्ये मार्ग बदलला त्याआधी २३ होती. पण पहिलं वळण शीअर्स, इथल्या एका राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं. आणि १९६१ ते १९७३ मध्ये जुन्या थॉमसन रोडवर ग्राँ प्री व्हायची, तिथल्या वळणांना ‘स्नेक्स’, ‘डेव्हिल्स बेंड’ अशी नावं होती.

तांबडापांढरा
स्नेक्स म्हणजे नागमोडी! याला तरी नवा शब्द नको.

गोदाकाठ
मला रेसिंग लाइनवर बोलायचंय. तिला मराठीत शब्द आहे आणि तो ‘वेगरेषा’ नाही. चाकोरी. चाकांनी पडलेली वाट. बैलगाडीच्या रस्त्यावर दोन खोल रेघा पडायच्या, त्यातून चाक बाहेर काढायचं म्हणजे बैलांचा जीव जायचा.

अबोली
पण चाकोरी म्हणजे कंटाळवाणं, साचेबंद. ‘चाकोरीबाहेरचा विचार’ आपण कौतुकानं म्हणतो. रेसिंग लाइन ही सगळ्यात वेगवान वाट असते. अर्थ उलटाच होईल.

गोदाकाठ
ताई, कौतुक नंतर आलं. आधी ती गाडीची वाट होती. आणि रस्त्यावरच्या सर्किटला तर ती जास्तच लागू पडते. रोज बस, टॅक्सी, ट्रक जाणारा रस्ता, त्यावर धूळ, तेल. शुक्रवारच्या पहिल्या सरावात गाड्या घसरतात. मग फेरीमागून फेरी टायरचं रबर रस्त्यावर बसत जातं आणि त्या एका पट्ट्यावर पकड वाढते. त्या पट्ट्याच्या बाहेर सागरकाठताईंच्या पाकिटातले गोळे. तिथं चाक गेलं की गाडी भिंतीत. म्हणजे चाकोरीच की. सोडली तर खैर नाही.

पळीपंचपात्र
हे पटलं. फक्त चाकोरी खोल असते, रबराचा पट्टा खोल नसतो. ‘मळलेली वाट’ कसं वाटतं? मळणं म्हणजे वारंवार तुडवलं जाणं, आणि रबरानं रस्ता खरोखरच मळतो.

सागरकाठ
पळीपंचपात्र काका, ‘मळलेली वाट’ फार सुंदर आहे. हे मी घेणार.

वऱ्हाडीठेचा
बैलांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या विदर्भात शंकरपट. पट म्हणजे बैल धावतात ती जागा. पुणे जिल्ह्यात त्यालाच घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. आपल्याकडं शर्यतीच्या जागेला इतके शब्द पडलेत आणि आपण वीथी शोधतोय. ‘नगरपट’ म्हणा!

तांबडापांढरा
आमच्याकडं आरत-परत शर्यत असते. रस्त्यावरून जायचं आणि वळून परत यायचं. ती तर खरी स्ट्रीटच झाली.

गोदाकाठ
आणि ‘धाव’ विसरू नका. धाव म्हणजे पळणं हे सगळ्यांना माहीत आहे, पण बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी बसवतात तिलाही धाव म्हणतात. लहानपणी लोहाराच्या दारात बसून बघितलंय. जमिनीवर लोखंडी कडं आडवं टाकायचं, वर शेणकुटं रचून पेटवायची. कडं तापून लाल झालं की तिघं-चौघं लांब सांडशांनी उचलून चाकावर बसवायचे. लाकूड पेट घ्यायचं. लगेच घागरीनं पाणी. चर्रर्र आवाज, वाफ, आणि कडं थंड होताना आवळून असं बसायचं की आरे आणि चाकाच्या मधला तुंबा कुरकुरायचे. लोहार कानानं ओळखायचा, नीट बसलं की नाही ते.

टायरला मराठी शब्द ‘धाव’ आहे. फॉर्म्युला वनमध्ये टायर बदलणं म्हणजे धाव बदलणं. याहून चांगलं काय पाहिजे?

वऱ्हाडीठेचा
धाव नावाचं लोखंड धाव या क्रियापदावरूनच आलं असणार. चाक जिच्यावर धावतं ती धाव.

पळीपंचपात्र
असणार म्हणून चालत नाही. मला तर ते दोन वेगळे शब्द वाटतात, योगायोगानं सारखे झालेले. तसंच शर्यत हा शब्द अरबी ‘शर्त’च्या घरातला आहे, मुळात अट, पैज. ज्यात पैज नाही ती शर्यत नाही, स्पर्धा आहे. म्हणून मी वर ‘स्पर्धा’ लिहिलं.

तांबडापांढरा
मग ससा-कासवाची काय स्पर्धा म्हणायची? लहान पोराला सांगून बघा.

मुसीकाठ
मी हैदराबादचा मराठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई झाली. विजेच्या गाड्या, खरी स्ट्रीट रेस. आधीचे कितीतरी दिवस आमचा ऑफिसचा प्रवास दुप्पट झाला. वडिलांना तपासणीला न्यायचं होतं, रिक्षावाला म्हणाला तीन चौक पायी चला. वडील ७४ वर्षांचे. चालले. पण शर्यतीच्या दिवशी त्यांनीच हट्टानं टीव्ही लावला आणि आपला रस्ता ओळखून दाखवला, इथं माझं बँकेचं काम असतं म्हणून. सागरकाठताई म्हणतात तो ‘रोजचा रस्ता’ मला त्या दिवशी कळला. शब्द सुचत नाही, पण रस्ता हा शब्द काढू नका.

सागरकाठ
हे वाचून थांबले जरा. खरंय. रस्ता काढत नाही.

सेंट अँड्र्यूज रोडच्या कडेला पाडांगचं मैदान आहे. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी तिथं आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘दिल्ली चलो’ची हाक दिली. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला शर्यतीचा मार्ग दाखवायला नेलं, ती मैदानाकडं तोंड करून हात जोडून उभी राहिली. त्या रस्त्यावर गाड्या धावतात. हे लेखात आलंच पाहिजे.

अबोली
विषय थोडा हलका करते. २०१६ मध्ये सिंगापूरच्या सरावात व्हेर्स्टापेन या ड्रायव्हरला ट्रॅकवर मोठा सरडा दिसला होता. रस्ता कितीही बंद करा, तो बाहेर येतोच. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण तिथं खोटी ठरली, कुंपण ओलांडून आला.

गोदाकाठ
तो सरडा नाही. घोरपड. त्या भागात मोठ्या घोरपडी पाण्याकाठी असतात. सरडा आणि घोरपड यात फरक आहे, आणि शब्दचर्चेत तरी तो पाळायला हवा.

वऱ्हाडीठेचा
पाण्याकाठची म्हणजे पाणघोरपड का? आमच्याकडे शेतात असते ती वेगळी.

सागरकाठ
मंडळी, अंकाच्या संपादक ताईंना मसुदा दाखवला. ‘मळलेली वाट’ त्यांना आवडली. शीर्षकात ‘रोजच्या रस्त्याची शर्यत’ ठेवलंय, सध्या तरी. ‘धाव’ची गोष्ट गोदाकाठांच्या परवानगीनं चौकटीत टाकणार आहे. चाकोरीला मात्र त्या म्हणाल्या की आजच्या मुलांना कळणार नाही. शिवाय त्यांनी तो शब्द चहाच्या ‘च’नं उच्चारला.

तांबडापांढरा
चाकोरीचा च चाकातलाच. चहाचा च कसा लागेल?

पळीपंचपात्र
माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, मी चहाच्याच ‘च’नं ऐकलाय. आजोबा तसंच म्हणायचे.

गोदाकाठ
आमच्याकडं कुणीच नाही म्हणत. वऱ्हाडात काय म्हणतात?