बाळाची सीट पुढे, एअरबॅगसमोर लावावी का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे):
माझी मुलगी सात महिन्यांची असून तिचे वजन 8 किलो आहे. दर शनिवारी मी तिला घेऊन माजिवडा, विटावामार्गे नेरुळला माहेरी जाते. गाडीत मागे ठेवले की ठाणे-बेलापूर रस्ता लागेपर्यंत तिचे रडणे सुरू होते आणि गाडी चालवताना मला वळून पाहता येत नाही. म्हणून तिची मागे तोंड असलेली सीट पुढे, माझ्या डावीकडे लावावी असा विचार आहे. त्या बाजूलाही एअरबॅग असल्यामुळे ती तिथे अधिक सुरक्षित राहील, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? सासूबाई म्हणतात, सीट हवीच कशाला, मी येते आणि मांडीवर घेते.

उत्तर (वाशी):
ताई, कृपया असे करू नका. ती एअरबॅग पट्टा लावून बसलेल्या मोठ्या माणसासाठी असते आणि टक्कर झाल्यावर पापणी लवायच्या आत फुगते. मागे तोंड असलेल्या सीटची पाठ डॅशबोर्डच्या अगदी जवळ येते आणि त्या पाठीला बाळाचे डोके टेकलेले असते. त्यामुळे फुगणाऱ्या पिशवीचा तडाखा थेट तिथेच बसतो. ज्या धडकेत बाळाला एरवी खरचटलेही नसते, तीही जिवावर बेतू शकते. डाव्या बाजूचे सनव्हायझर खाली करून पाहा, बाळाच्या सीटवर काट मारलेले चित्र तिथे बहुधा दिसेल.

उत्तर (कोपरी, ठाणे):
काही गाड्यांत डावे दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायची खटकी असते, तिने ती एअरबॅग बंद करता येते. बंद असल्याचा दिवा पेटलेला पाहिल्याशिवाय सीट पुढे लावू नये, आणि नंतर तिथे मोठे माणूस बसणार असेल तर आठवणीने ती पुन्हा सुरू करावी. खटकी नसेल तर हा विषय तिथेच संपतो. गॅरेजमध्ये वायर काढून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

सासूबाईंना मात्र एवढे जरूर सांगा: ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 8 किलोचे बाळ धरून ठेवायला शंभर किलोंहून अधिक वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो कोणाच्याच हातात नसतो. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसल्यास 1000 रुपये दंड आहे. त्यांनी मागे बाळाशेजारी पट्टा लावून बसावे, रडण्याचाही प्रश्न बराचसा सुटेल.

प्रश्नकर्ती:
चित्र सापडले, खटकी नाही. सीट मागे डावीकडे आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट अडकवण्यासाठी गाडीतच दिलेल्या, कड्यांत बसवली, दोन्ही बाजूंना खूण हिरवी झाली. सासूबाई मागे बसायला तयार आहेत. तिचे तोंड पुढे कधी करायचे?

उत्तर (वाशी):
सीटवर आर-129 (मुलांच्या सीटसाठीचे सुरक्षा मानक) असे लिहिले असेल तर 15 महिन्यांपूर्वी मुळीच नाही, आणि त्यानंतरही सीटवर दिलेल्या उंचीच्या मर्यादेत ती मावते तोवर घाई करू नका.